दोन बोटं उजवीकडे

टेबलावर जुना टॉवेल, त्यावर तुझी रायफल,
पोट फाडलेल्या सुरमईसारखी.
स्प्रिंग, पिस्टन, चामड्याचा वॉशर.
एक स्क्रू माझ्या दातांत आहे
म्हणून शब्द चावल्यासारखे येतायत.
जुईली, ऐक तरी.

माहीमची हवा पोलाद चाटते.
रात्री खिडकी उघडी राहिली
की सकाळी नळीला तांबूस मिशी.
पुसायचं. रोज. कंटाळा आला तरी.
आणि तेल थेंबभरच, भाजीला फोडणी नाही घालायची;
जास्त झालं की आतल्या आत पेटतं,
धूर येतो, आवाज मोठा होतो,
पोरांना वाटतं काय जोर आहे.
मोठ्या आवाजाची बंदूक कुठेही मारते.

काल पाठारेंच्या पेढीवर बसून
सोन्याच्या काट्यावर छर्रे तोलले.
पाचशेंतले एकशे दहा नापास.
ज्याचा घागरा चेपलाय तो बाजूला, त्याला दया नाही.
पाठारे हसले, म्हणाले, शिशाला एवढा मान?

धर आता. आवळू नकोस.
डाव्या तळव्यावर नुसती टेकव, झोपलेलं बाळ घेतात तशी.
घोडा सुटला की ती उसळणार,
उसळू दे,
दर वेळी सारखीच उसळू दे, एवढंच मागणं.
माशी हलतेय ती तुझ्या नाडीने.
दोन ठोक्यांच्या मधे जी फट असते ना

असू दे. तुला दुसरंच सांगते.

माझ्या बापाची फुग्यांची फळी होती चौपाटीवर.
दहा छर्रे, दोन रुपये.
दुपारी घरी, जेवण झाल्यावर,
तो बंदुकीची नळी खिडकीच्या गजांत अडकवायचा
आणि हळूच रेटायचा,
रुसलेल्या माणसाला वळवावं तसं.
मग मागच्या भिंतीवर खडूचा ठिपका, एक छर्रा.
‘दोन बोटं डावीकडे. झालं.’
लबाड नव्हता गं. फुगे उधारीवर यायचे.
एखादं पोर रडवेलं झालं
की वाकून त्याच्या कानात सांगायचा,
पिवळ्यावर धर, लाल फुटेल.
आणि फुटायचा.

अकराव्या वर्षी मी त्या बंदुकीने
सांगाल तो फुगा फोडायचे
त्याच्या उजव्या शेजाऱ्यावर डोळा ठेवून.

मग एनसीसीत सरळ बंदूक हातात आली.
दहा छर्रे. दहाही रुपयाएवढ्या जागेत,
काळ्या वर्तुळापासून दोन बोटं उजवीकडे.
हवालदार पालांडे कागद उन्हात धरून बघत राहिले.
‘पोरी, हात तुझाच आहे. नेम कुणाचा?’

वर्ष गेलं.
माशी सरळ होती,
मलाच ती सरळ दिसेना.

ह्याच हॉलमध्ये बाप एकदा आला.
चपला दाराबाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना.
माझी चांगली रायफल दिली त्याला, जर्मन, कर्जाची.
खूप वेळ नुसता गालाला लावून उभा राहिला.
मग मारला.
कागद कोरा. छर्रा उजवीकडच्या प्लायवूडमध्ये.
पुन्हा मारला. प्लायवूड.
बंदूक दोन्ही हातांनी परत देत म्हणाला,
‘हिच्यात काहीच खोट नाही गं.
मग मी कुठे धरू?’

त्याची ती माळ्यावर आहे, रेनकोटात गुंडाळलेली.
पावसाळ्याआधी उतरवते, ग्रीस लावते,
नळी सरळ करत नाही.

हा घे तुझा स्क्रू, जरा ओला आहे.
शेवटचा अर्धा फेरा तूच दे, जोर न लावता.
पहिला छर्रा लागू दे कुठे लागायचा तिथे,
मी कागद बघणार नाही.
तू फक्त सांग,
घोडा सुटला तेव्हा
कुठे बघत होतीस.